लष्करी खर्चाला कात्री लागली की शस्त्रांचे कारखाने काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील एका सरकारी दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. "इंडेंट आलं" किंवा "यंदा इंडेंट नाही", या दोन वाक्यांवर आमच्या घरचा महिना ठरायचा. इंडेंट म्हणजे लष्कराकडून येणारी मागणी. ती आली की ओव्हरटाइम, पीसवर्कचे पैसे, दिवाळीला नवे कपडे. नाही आली की नुसता पगार. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि नंतर इतर देशांत काय घडलं ते आवडीने वाचत गेलो. लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मुख्य उदाहरण शीतयुद्धानंतरच्या अमेरिकेचं आहे. सोबत रशिया, ब्रिटन आणि आपलं नाशिकजवळचं ओझर.

बजेट कमी होतं म्हणजे नेमकं काय कमी होतं?

सगळ्यात आधी खरेदी थांबते. सैनिकांचे पगार आणि पेन्शन एका रात्रीत कापता येत नाहीत, बराकी आणि तळ चालवावेच लागतात. नवी विमानं, नवे रणगाडे, नव्या पाणबुड्या मात्र पुढे ढकलता येतात. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यावर, रेगन यांच्या काळात, लष्करी खर्च शिखरावर होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत महागाई वजा जाता एकूण खर्च साधारण एक तृतीयांशाने उतरला, पण शस्त्रखरेदी जवळजवळ दोन तृतीयांशाने घसरली. बातमीत पहिला आकडा येतो, कारखान्याच्या दारात दुसरा येऊन उभा राहतो.

हे अचानक झालं का?

उतार आधीच सुरू झाला होता. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि उताराची घसरगुंडी झाली. जानेवारी १९९१ मध्येच संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी नौदलाचं ए-१२ हे विमान पूर्ण रद्द केलं होतं. अब्जावधी डॉलर खर्च होऊन एकही विमान उडालं नव्हतं. कंपन्यांना तिथेच कळायला हवं होतं की जुने दिवस संपले.

१९९३ च्या ज्या जेवणाचा सगळे उल्लेख करतात, तिथे काय झालं?

संरक्षणमंत्री लेस अ‍ॅस्पिन यांनी बड्या शस्त्र कंपन्यांच्या प्रमुखांना पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, जेवायला बोलावलं. जेवणानंतर उपमंत्री विल्यम पेरी यांनी आकडे मांडले. सूर स्पष्ट होता: इतक्या कंपन्यांना पुरेल एवढं काम आता आमच्याकडे नाही. कोण राहील आणि कोण जाईल ते तुम्ही आपसात ठरवा, एकत्र आलात तर सरकार आडवं येणार नाही. मार्टिन मारिएटा कंपनीचे प्रमुख नॉर्मन ऑगस्टिन यांनी त्या जेवणाला 'लास्ट सपर' म्हटलं. येशूच्या अखेरच्या भोजनाचं हे नाव पुढे कायमचं चिकटलं.

मग कोण कोणात गेलं?

लॉकहीडने १९९३ मध्ये जनरल डायनॅमिक्सचा फोर्ट वर्थचा, म्हणजे एफ-१६ विमानांचा, कारखाना घेतला. १९९४ मध्ये नॉर्थरॉपने ग्रुमन घेतली. १९९५ मध्ये लॉकहीड आणि मार्टिन मारिएटा एक झाल्या. १९९७ मध्ये बोइंगने मॅक्डोनेल डग्लस गिळली, आणि त्याच वर्षी रेथिऑनने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ह्यूजचे संरक्षण विभाग घेतले. लॉकहीड मार्टिनला पुढे नॉर्थरॉप ग्रुमनही हवी होती, तेव्हा मात्र सरकारने १९९८ मध्ये पाय आडवा घातला. पेंटागॉनच्याच २०२२ च्या अहवालानुसार १९९० च्या दशकात ५१ मुख्य कंत्राटदार होते, त्यांचे ५ उरले. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या १३ कंपन्यांच्या ३ झाल्या.

एकत्र येऊन फायदा काय? ऑर्डर तर तेवढ्याच राहतात.

फायदा वरकड खर्चात आहे. समजा एका शेडला वर्षाला १०० रुपये बांधलेला खर्च आहे: वीज, सुरक्षा, डिझाइन ऑफिस, मशीनचा घसारा. वर्षाला ५० विमानं निघत असतील तर प्रत्येकावर २ रुपये बसतात. दहाच निघाली की प्रत्येकावर १० रुपये. विमान महाग झालं म्हणून सरकार आणखी कमी विमानं घेतं आणि पुढचं विमान आणखी महाग होतं. तीन अर्धी रिकामी शेड बंद करून एक भरलेलं चालवलं तरच हे चक्र तुटतं.

म्हणून पेंटागॉनने विलीनीकरणाचा काही खर्चही कंपन्यांना भरून दिला. सरकारी पैशाने कामगारांना घरी पाठवताय, अशी त्यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. बचत कागदावर लिहिली गेली, पण स्पर्धक संपल्यावर पुढच्या कंत्राटांत भाव कोण पाडणार, याचा हिशोब कोणी धरला नव्हता.

सगळ्यांनीच मोठं व्हायचा मार्ग धरला का?

नाही. जनरल डायनॅमिक्सने उलट केलं. १९९१ मध्ये तिची सूत्रं विल्यम अँडर्स यांच्याकडे आली. चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा प्रसिद्ध फोटो अपोलो ८ मधून काढणारे तेच अँडर्स. ज्या धंद्यात आपण पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर नाही तो विकायचा, असं त्यांनी ठरवलं. छोटी विमानं बनवणारी सेसना विकली, क्षेपणास्त्रं ह्यूजला दिली, एफ-१६ लॉकहीडला, अवकाश विभाग मार्टिन मारिएटाला. हातात पाणबुड्या आणि रणगाडे राहिले. भागधारक खूश झाले, हजारो कामगारांची नावं मात्र नव्या मालकाच्या यादीत गेली किंवा कुठेच गेली नाहीत. दशक संपता संपता त्याच कंपनीने गल्फस्ट्रीम विकत घेऊन पुन्हा विमानांच्या धंद्यात पाय ठेवला.

रणगाडे बनवणारे ट्रॅक्टर किंवा बस का बनवत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. लोखंड तेच, लेथ तेच, वेल्डर तोच, मग अडतं कुठे?

प्रयत्न झालेत. व्हिएतनाम युद्ध ओसरल्यावर हेलिकॉप्टर बनवणाऱ्या बोइंग व्हर्टोलने बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी ट्राम बनवल्या. १९७६ च्या अखेरीस त्या बॉस्टनच्या रुळांवर आल्या आणि दुखणी सुरू झाली. दरवाजांची यंत्रणा इतकी नाजूक होती की रोजच्या गर्दीत ती टिकेना, तीव्र वळणांवर गाड्या रुळावरून घसरायच्या. शेवटी बॉस्टनने उरलेल्या ४० गाड्या घ्यायलाच नकार दिला. चंद्रावर उतरणारं यान बनवणाऱ्या ग्रुमनने १९७८ मध्ये फ्लेक्सिबल ही बस कंपनी घेतली. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या खड्ड्यांतून धावताना बसच्या सांगाड्याला तडे गेले, आणि १९८३ मध्ये ग्रुमनने तो धंदा विकून टाकला.

हे इंजिनिअर कच्चे होते असं कोणी म्हणणार नाही. त्यांना एकच गिऱ्हाईक माहीत होतं. ते गिऱ्हाईक काय हवं ते शेकडो पानांत लिहून देतं, खर्च वाढला तर पुष्कळदा तोही भरून देतं, आणि प्रत्येक यंत्रामागे प्रशिक्षित मेकॅनिकची तुकडी ठेवतं. बसच्या गिऱ्हाइकाला स्वस्त, दणकट आणि डेपोतल्या पान्याने दुरुस्त होणारी गाडी लागते. विक्री, डीलर, सुटे भाग, वॉरंटी ही सगळी वेगळी विद्या आहे. संरक्षण कंपन्यांच्या धंदा बदलण्याच्या इतिहासावर यशाचा एकही डाग नाही, असं ऑगस्टिन म्हणायचे, आणि ते आतल्या गोटातले होते.

१९४५ नंतर मात्र हे जमलं होतं, कारण फोर्डसारखे कारखाने मुळात मोटारींचेच होते. बॉम्बर बनवायचं थांबवून ते आपल्या घरी परतले. जे जन्मालाच शस्त्रांसाठी आले त्यांना परतायला घर नसतं.

आपल्याकडेही १९६२ च्या चीन युद्धाच्या आधी, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमध्ये, म्हणजे सरकारी शस्त्र-दारूगोळा कारखान्यांत, कॉफीची यंत्रं बनवली म्हणून संसदेत आणि बाहेर खूप टीका झाली. रिकाम्या मशीनना काम द्यावं हा विचार त्यामागे होता. मी तो विचार वाईट मानत नाही. सैनिकाला जे लागणार होतं ते वेळेत तयार नव्हतं, दुःख त्याचं आहे.

निर्यात करून भागतं का?

काही काळ नक्की भागतं. सप्टेंबर १९९२ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असताना, राष्ट्राध्यक्ष थोरले बुश फोर्ट वर्थच्या कारखान्यात गेले आणि तैवानला १५० एफ-१६ विकण्याची घोषणा त्यांनी कामगारांसमोर केली. दहा दिवसांच्या आत सेंट लुइसच्या कामगारांसमोर सौदी अरेबियाला ७२ एफ-१५ विकण्याची घोषणा झाली. परराष्ट्र धोरण कारखान्याच्या फाटकावर ठरतं ते असं.

रशियाची कथा याहून विलक्षण आहे आणि ती थेट पुण्यापर्यंत येते. १९९२ मध्ये रशियन सरकारने शस्त्रखरेदी दोन तृतीयांशाने कापली. पगार महिनोन् महिने थकले. सायबेरियातल्या इर्कुत्स्कचा विमान कारखाना टिकला तो मुख्यतः भारतामुळे. नोव्हेंबर १९९६ मध्ये भारताने ४० सुखोई-३० विमानांचा करार केला आणि पहिली ८ विमानं १९९७ मध्ये लोहगावला दाखल झाली. आपल्या हवाई दलाने मागण्या वाढवल्या: पुढे छोटे पंख हवेत, इंजिनाचा झोत वळवता आला पाहिजे, इलेक्ट्रॉनिक्स आमच्या पसंतीची. त्या मागण्यांच्या पैशावर इर्कुत्स्कची डिझाइन टेबलं चालू राहिली. २०१२ मध्ये रशियन हवाई दलाने स्वतःसाठी सुखोई-३० एसएम मागवली, तो याच भारतीय विमानाचा रशियन अवतार होता. गिऱ्हाइकाने कारखाना जगवला आणि मालकाने नंतर त्याच मालाची ऑर्डर दिली.

धोका असा की परदेशी गिऱ्हाईक एका दगडावर पाय ठेवून उभं नसतं. तेलाचा भाव पडला, सरकार बदललं, निर्बंध आले, की ऑर्डर अडकते.

ओझरलाही अशी वेळ आली होती का?

आली होती, जरी कारण बजेट कपातीचं नव्हतं. नाशिकजवळचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) ओझर कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. मग मिग-२७ आली आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय. भारताच्या २७२ सुखोईंपैकी २२२ ओझरमध्ये तयार झाल्या. सुखोई जोडण्याची ही लाइन संपत आली तेव्हा पुढची ऑर्डर हातात नव्हती. ओव्हरहॉलचं काम होतं, पण नवं विमान जोडण्याचं कौशल्य दुरुस्तीत पूर्ण वापरलं जात नाही.

तेव्हाचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सातपूर एमआयडीसीत एका ओळखीच्यांचं छोटं वर्कशॉप आहे, नऊ माणसांचं. कोपऱ्यात एक फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग पक्का धरून ठेवणारा सांगाडा, निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं, गंजू नये म्हणून ग्रीस चोपडलेलं, वर खडूने तारीख लिहिलेली. "हे विकलं तर भंगाराच्या भावात जाईल, आणि परत बनवायचं म्हटलं तर वर्ष जाईल," ते म्हणाले. दर महिन्याला ताडपत्री काढून पुसायचं काम त्यांनी एका पोराला दिलं होतं. त्या फिक्स्चरवर दोन वर्षं एक रुपयाही मिळाला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला. तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाची तिसरी लाइन ओझरला आली आणि तिथलं पहिलं तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं.

गरज नसताना निव्वळ कारखाना जगवण्यासाठी ऑर्डर देणं म्हणजे पैशाची नासाडी नाही का?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर दोन पाणबुड्यांत आहे.

अमेरिकेला सीवुल्फ वर्गाच्या २९ पाणबुड्या हव्या होत्या. सोव्हिएत नौदल उरलं नाही, आणि १९९२ मध्ये बुश सरकारने पहिलीवरच थांबायचं ठरवलं. एक पाणबुडी म्हणजे अब्जावधी डॉलर, त्यामुळे विचार चुकीचा नव्हता. पण कनेटिकटमधल्या ग्रोटनचं, इलेक्ट्रिक बोट या कंपनीचं पाणबुड्या बांधणारं यार्ड रिकामं झालं तर पुढच्या पिढीची पाणबुडी कोण जोडणार, हा प्रश्न उभा राहिला. वाद होऊन शेवटी ३ बांधल्या. पुढे व्हर्जिनिया वर्गाचं काम इलेक्ट्रिक बोट आणि न्यूपोर्ट न्यूज या दोन प्रतिस्पर्धी यार्डांना वाटून दिलं. स्वस्त पडलं नाही, पण दोन्ही यार्डं चालू राहिली.

ब्रिटनने तसं केलं नाही. बॅरो गावातल्या यार्डात तेरा हजारांहून जास्त माणसं होती. व्हॅनगार्ड पाणबुड्यांचं काम ओसरलं तसे लोक कमी होत एक तृतीयांशाच्याही खाली आले. १९९७ मध्ये अ‍ॅस्ट्यूट या नव्या पाणबुडीची ऑर्डर आली तेव्हा पाणबुडीचं डिझाइन सुरुवातीपासून केलेली माणसं निवृत्त झाली होती किंवा दुसरीकडे गेली होती. काम रखडलं, खर्च फुगला, आणि २००३ मध्ये मदतीला ग्रोटनच्या इलेक्ट्रिक बोटचे लोक बोलवावे लागले. अ‍ॅस्ट्यूट २०१० मध्ये नौदलात आली, काही वर्षं उशिरा.

पाणबुडीच्या सांगाड्याचं वेल्डिंग काय असतं ते लक्षात घ्या. जाड पोलाद आधी ठरलेल्या तापमानापर्यंत गरम करायचं, थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर घासून तपासायचा, मग एक्स-रे. केसाएवढी पोकळी सापडली तर खोदून पुन्हा. असा वेल्डर आयटीआयमधून थेट येत नाही, जुन्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून तयार होतो. तो जुनाच गेला तर नव्याने कोणाच्या शेजारी उभं राहायचं? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्या दोन-तीन विद्या परत कमवायला दहा वर्षं लागतात, त्यांच्यासाठी थोडं काम चालू ठेवावं. बूट, गणवेश, ट्रक यांच्यासाठी नाही, ते बाजारात मिळतात.

कामगारांचं पुढे काय होतं?

वयावर अवलंबून असतं. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात विमान-अवकाश उद्योगातल्या साधारण निम्म्या नोकऱ्या गेल्या. तिशीतले दुसऱ्या धंद्यात शिरले. पन्नाशीतल्यांना तेवढ्या पगाराचं काम परत मिळालं नाही. एका इंजिनाचा एक भाग वीस वर्षं बनवलेल्या माणसाला मुलाखतीत आपलं काम नीट सांगताही येत नाही, कारण ते गुप्त असतं.

आमच्या घरी वडिलांना नोकरी गमवावी लागली नाही. पण काम नसलेल्या वर्षी ते घरी येऊन गप्प बसायचे. लेथच्या आवाजावरून टूल बोथट झालं की नाही ओळखणारा माणूस दिवसभर झाडू मारून, मशीनला तेल देऊन परत यायचा. पगार पूर्ण होता. तरी आई म्हणायची, आज यांना दोन पोळ्या कमी लागल्या.

पुन्हा गरज पडली तर बंद लाइन किती दिवसांत सुरू होते?

दिवसांत नाही, वर्षांत. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांची मागणी आली. अमेरिकी लष्कराने जवळपास १८ वर्षं नवी स्टिंगर मागवली नव्हती. काही इलेक्ट्रॉनिक भाग आता कोणीच बनवत नव्हतं, आणि रेथिऑनला सत्तरी ओलांडलेले निवृत्त कर्मचारी परत बोलवावे लागले, नव्या पोरांना शिकवण्यासाठी.

१५५ मिलिमीटर तोफगोळ्याचंही तेच. युद्धाआधी अमेरिका महिन्याला साधारण १४,००० गोळे बनवायची, लक्ष्य १,००,००० चं ठरलं. कवचं घडवण्याचं बरंच काम पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला होतं. तो कारखाना मुळात वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होता. तिथून कवचं आयोवाला स्फोटक भरायला जातात. आपल्याकडेही अंबाझरीला कवच आणि भद्रावतीच्या चांदा फॅक्टरीत भरणं, अशी साखळी आहे. एक कडी ढिली पडली की पुढची रिकामी बसते.

भारताचं संरक्षण बजेट तर वाढतंय, मग आपल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत कामाची ओरड का?

२०२५-२६ चं बजेट ६.८१ लाख कोटींचं होतं, त्यातले १.६० लाख कोटींहून जास्त पेन्शनला आणि नव्या खरेदीसारख्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. मोठा आकडा पाहून फॅक्टरीचं काम मोजता येत नाही. शिवाय पूर्वी लष्कराने या फॅक्टऱ्यांकडूनच घ्यायचं अशी जी बांधिलकी होती ती सैल झाली. खासगी कंपन्या आल्या, कित्येक वस्तू खुल्या बाजारातून घेण्याची मुभा मिळाली.

१ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड गेलं आणि ४१ फॅक्टऱ्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात, यंत्र इंडियाचं नागपुरात. युनियनचा कडवा विरोध होता, संपाची नोटीस होती, आणि संप रोखणारा कायदा सरकारने त्याच वर्षी केला. आता या कंपन्यांना स्वतः ऑर्डर शोधाव्या लागतात. दारूगोळ्याला सध्या जगभर गिऱ्हाईक आहे, त्यामुळे खडकीच्या आणि भद्रावतीच्या दारूगोळा फॅक्टऱ्यांची काळजी मला आज कमी वाटते. कानपूरच्या कपडे शिवणाऱ्या फॅक्टऱ्यांची जास्त वाटते.

शस्त्रांवरचा खर्च कमी होणं चांगलंच नाही का?

धोका खरोखर कमी झाला असेल तर हो, मनापासून हो. १९९० च्या दशकात वाचलेल्या पैशाने अमेरिकेची वित्तीय तूट भरून निघायला मदत झाली. माझी तक्रार कपातीच्या पद्धतीबद्दल आहे. काय ठेवायचं हे आधी ठरवून कापणं वेगळं, आणि जो विभाग आरडाओरडा करत नाही तो कापणं वेगळं. सुटे भाग बनवणारी नऊ माणसांची वर्कशॉपं कधीच आरडाओरडा करत नाहीत.

माझा मुलगा ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिस आहे. त्याने कायम होण्याची वाट पाहावी का?

वर्ष पूर्ण करू द्या, पण कायम होईलच असं धरून बसू नका. तिथे आहे तोवर त्याने दोन गोष्टी हाताखालून घालाव्यात: सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि मोजमाप, म्हणजे गेज, मायक्रोमीटर, थ्री-डी मापन यंत्र. चाकण असो, सातपूर असो, या दोन्हींना मागणी आहे. राष्ट्रीय अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. आणि शेडमध्ये निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेला एखादा जुना टर्नर किंवा फिटर असेल, तर दुपारच्या सुट्टीत डबा त्याच्या शेजारी बसून खावा.